कोशाला गोल भोक, आतून पिवळी माशी: ही नेमकी कोण, आणि दुसऱ्या पिकाला काय करू?

येनबनातली (ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

नमस्कार. आमच्या घरी आजोबांपासून कोसा, म्हणजे टसर रेशीम, आहे. बाबा आणि काका जंगलातल्या येनावर (ऐनाच्या झाडांवर) रेशमाचे किडे सोडतात, राखणीला आम्ही सगळेच असतो. यंदाचं पावसाळी पीक बऱ्यापैकी उतरलं. बियाण्यासाठी घट्ट, वजनदार कोष वेगळे काढले, माळा करून आतल्या खोलीत टांगल्या.

पतंग निघायची वाट पाहत होतो, त्याआधीच काही कोषांतून पिवळ्याजर्द माश्या निघाल्या. साधारण दीड सेंटिमीटर लांब. पोटावर काळे ठिपके, आणि ते जोडीजोडीनं, डावीकडे एक तर उजवीकडे एक. मिशा लांब, काळपट, एक क्षण थांबत नाहीत. पंख पारदर्शक. काहींच्या मागे काळी सुई आहे, काहींच्या मागे नाही. खिडकीच्या जाळीवर जाऊन बसतात, तिथून मी दोन-चार बाटलीत धरल्या.

काका म्हणतात ही उझीच, कोशाच्या किड्यावर वाढणारी माशी. शेजारचे म्हणतात गांधीलमाशी बाहेरून येऊन बसली असेल. पण एक तर माझ्या डोळ्यासमोर कोशातून डोकं बाहेर काढत होती, त्यामुळे बाहेरून आली हे मला पटत नाही. सगळ्यात मोठा प्रश्न हा की कोष बाहेरून पूर्ण बंद होता. कुठंही छिद्र नव्हतं, निवडताना मी स्वतः हाताळला होता. मग ही आत गेली कशी?

बाबांचा जीव दुसऱ्या पिकात अडकला आहे. कुणी सांगितलं की झाडांवर औषध फवारा. बाबा म्हणतात, किड्यांच्या झाडावर औषध कसं मारायचं? मलाही ते बरोबर वाटतं. जाणकारांनी सांगावं जी. घरात लहान मुलं आहेत, ही चावते का तेही सांगा.

---

वैनगंगाकाठ (ता. पवनी)

ताई, उझी वाटत नाही. आमच्याकडे उझी दरवर्षी असते. तिच्यात कोशातून माशी निघत नाही, पांढरी जाडी अळी निघते आणि खाली पडून मातीत घुसते. माळेखाली शेणानं सारवलेली जमीन असली की कोपऱ्याकोपऱ्यात तपकिरी दाणे सापडतात, ते तिचे कोष. आणि उझी दिसायला घरमाशीच्या जातीची, करडी-काळी, केसाळ. पिवळी नाही. तुमची माशी आमच्या आईनं पाहिली आहे, ती तिला ‘पिवळी’च म्हणते. पुढचं जाणकार सांगतील.

---

मोहाडीचे मास्तर (जि. भंडारा)

बेटा, तू जे लिहिलंस त्यावरून ओळख बरीचशी पटली. जोडीजोडीचे ठिपके, सतत हलणाऱ्या मिशा, काहींना सुई काहींना नाही, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंद कोशातून बाहेर येणं. ही झँथोपिम्प्ला. हे प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव. कोशावर येणारी नेहमीची जात म्हणजे झँथोपिम्प्ला पेडेटर. रेशीम खात्याची माणसं हिला पिवळी माशी म्हणतात, पण ती माशी नव्हे, गांधीलमाशांच्या गणातली परजीवी आहे. शाळेत जीवशास्त्र शिकवता शिकवता मला या कीटकांचा नाद लागला, निवृत्तीनंतर तर भिंग खिशातच असतं. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी तिला माशीपासून वेगळी काढ. माशीला पंखांची एकच जोडी, मिशा आखूड. हिला पंखांच्या दोन जोड्या, मिशा लांब आणि कितीतरी बारीक पेरांच्या. आता गांधीलमाशीपासून वेगळी काढ. घराच्या वळचणीला पोळं करणारी गांधीलमाशी बसली की पुढचा पंख लांबीत घडी घालून अरुंद करते. झँथोपिम्प्ला तशी घडी घालत नाही, पंख सपाट राहतात. हिचं पोळं नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी एकटी जगते. कुटुंब इक्न्युमोनिडी, उपकुटुंब पिम्प्लिनी.

बाटलीतली मेली असेल तर दहापट भिंगाखाली धर आणि तोंड बघ. ओठाच्या वरची जी पट्टी असते तिला आडवी शिवण असते, म्हणजे ती वरचा आणि खालचा अशा दोन तुकड्यांची दिसते. जबडे आखूड, टोकाकडे निमुळते आणि पिळलेले. पायाच्या शेवटच्या नख्या अंगाच्या मानानं मोठ्या, त्यांना कंगव्यासारखे दात नाहीत. मागच्या पायाच्या पोटरीवर, टोकाच्या जरा आधी, आखूड जाड काटे आहेत. ते मोज. हे काटे मोजणं पोरखेळ वाटेल, पण जाती वेगळ्या करताना अभ्यासक तेच मोजतात. छातीच्या मागच्या उतारावर, जिथून कंबर सुरू होते तिथं, उठावाच्या बारीक रेषा आहेत आणि त्यांनी कप्पे पाडलेले आहेत. कप्प्यांचा आकार, पोटाच्या कोणत्या वळ्यांवर ठिपके आहेत आणि कोणत्या वळ्या कोऱ्या, सुईची लांबी, एवढं सगळं जुळवलं की जात ठरते. नुसता पिवळा रंग आणि काळे ठिपके बघून जातीचं नाव ठोकून देऊ नये, कारण या एका प्रजातीत दोनशेहून अधिक जाती आहेत आणि बहुतेक पिवळ्याच. ही प्रजाती सोस्यूर यांनी 1892 साली वेगळी मांडली. पेडेटरचं वर्णन मात्र त्याच्याही कितीतरी आधीचं, फाब्रिशियस यांचं, 1775 मधलं. टाऊन्स आणि च्यू यांनी 1970 मध्ये भारत ते ऑस्ट्रेलिया या पट्ट्यातल्या जातींचा मोठा आढावा घेतला, आजही जात ठरवताना त्याचा आधार घेतात.

सुई असलेल्या आणि नसलेल्या या दोन जाती नाहीत. सुई असलेली मादी, नसलेला नर. सुई म्हणजे अंडी घालायची नळी. या गणात बीजधारणा न झालेल्या अंड्यातून नर होतो आणि झालेल्या अंड्यातून मादी, त्यामुळे काय जन्माला घालायचं हे बरंचसं मादीच्या हाती.

आता तुझा खरा प्रश्न, आत गेली कशी. ती आत गेलीच नाही. अंडं आत गेलं, आणि तेही कोष बंद व्हायच्या दिवसांत.

किडा पिकला की खाणं थांबवतो, फांदीवर इकडून तिकडे फिरतो, पोट रिकामं करतो. मग दोन-तीन पानं धाग्यानं जवळ ओढून झोळी करतो, फांदीला कडं घालून देठ बांधतो आणि आत बसून विणायला लागतो. सुरुवातीला भिंत इतकी विरळ असते की आत हलणारं डोकं दिसतं. नंतर तो आतून पांढुरका चुनकट द्रव सोडतो, भिंत वाळते आणि कोष दगडासारखा होतो. भिंत विरळ आहे ते ओली आहे, एवढ्या अवधीतच पिवळीला वाव असतो. मादी झोळीवर उतरते, मिशांनी टकटक करत फिरते, एका जागी थांबते, पोट वाकवून सुई उभी करते आणि भिंतीतून थेट आतल्या किड्याच्या अंगात अंडं घालते. याच प्रजातीतल्या झँथोपिम्प्ला स्टेमेटरवर प्रयोग झाले आहेत. खोडाच्या आत लपलेला कोष शोधताना ती मिशांनी ठोकते आणि परत येणारी कंपनं पायांनी टिपते, असं त्यात दिसलं. डोळ्यांना न दिसणारं भक्ष्य ती अशी शोधते. मला हे फार मोठं वाटतं.

सुईचं छिद्र इतकं बारीक की पुढच्या विणीत बुजून जातं. म्हणूनच तुझ्या हाताला कोष धड लागला. आतला किडा कोषावस्थेत जातो खरा, पण त्याचा पतंग होत नाही. अंड्यातून निघालेली अळी कोषावस्थेतल्या शरीराला आतून खाते, त्याच रिकाम्या कवचात स्वतः कोषावस्थेत जाते आणि जबड्यानं कवच आणि कोष दोन्ही कापून बाहेर पडते. एका कोशातून एकच. तुझ्या कुठल्या कोशातून दोन निघालेल्या दिसणार नाहीत.

एक काम कर. तीन तऱ्हेचे फुटके कोष शेजारी शेजारी ठेव. पतंग निघालेला कोष देठाकडच्या टोकाला फुटतो. पतंग तोंडातून पाझर सोडून धागे मऊ करतो आणि बाजूला सारतो, तिथं डाग असतो, धागे विस्कटलेले असतात पण कापलेले नसतात. उझीच्या अळीनं केलेलं भोक लहान, आत ओली घाण आणि वास. पिवळीचं भोक गोल, काठ कात्रीनं कापल्यासारखे स्वच्छ. चिरून बघशील तर आत कोरडं तपकिरी कवच, त्याची पुढची टोपी कुरतडलेली. ही खूण एकदा डोळ्यात बसली की माशी न बघताही सांगता येतं.

चावण्याचं विचारलंस. आपण होऊन कुणाच्या अंगावर येत नाही. मादी मुठीत दाबली तर सुई टोचू शकते, तेवढंच. मुलांना हातात धरू देऊ नको.

फवारणीबद्दल तुझे बाबा बोलले तेच शंभर टक्के खरं. ज्या औषधानं पिवळी मरेल त्यानं कोशाचा किडा आधी मरेल. झाडावर एक थेंबही नको.

---

धानाची बांधी (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

मास्तर, मधेच विचारतो. आमच्या धानात अशीच पिवळी, ठिपक्याठिपक्याची फिरते. शेतीशाळेत साहेबांनी सांगितलं होतं की ही मित्रकीड, खोडकिडा आणि पानं गुंडाळणाऱ्या अळीचा नाश करते, म्हणून उगाच फवारू नका. आता तुम्ही म्हणता ही कोशाची वैरी. आमच्या गावात धानही आहे आणि जंगलाकडे कोसावालेही आहेत. मग मारायची की ठेवायची?

---

मोहाडीचे मास्तर

भाऊ, साहेबांनी सांगितलं ते खरं, आणि मी लिहिलं तेही खरं. प्रजाती एक, जाती वेगळ्या, आणि काम सगळ्यांचं एकच: पतंगवर्गीय किड्याच्या कोषात वाढणं. तो पतंग धानाचा खोडकिडा असला तर शेतकऱ्याचा फायदा, आणि कोशाचा किडा असला तर कोसावाल्याचं नुकसान. माशीला त्यातलं काही ठाऊक नाही.

धानात पानं गुंडाळणाऱ्या अळीच्या कोषावर झँथोपिम्प्ला फ्लॅव्होलिनिएटा येते. ती अंगानं बेतशीर, धानाच्या पानांत कमी उंचीवर फिरते. मघाशी सांगितलेली स्टेमेटर ज्वारी-मका-उसाच्या खोडातल्या किड्यावर. तिचा उपयोग इतका पटला की 1939 मध्ये ती श्रीलंकेहून मॉरिशसला नेऊन उसाच्या खोडकिड्यावर सोडली. आपल्याकडे ती आपोआप शेतात आहे आणि आपण तिला कीटकनाशकानं मारतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धानाच्या बांधीत दिसली तर हात लावू नका. कोसा असलेल्या येनाच्या झाडावर, किडे विणायला लागले असताना दिसली तर जाळीनं पकडा. आणि कोसावाल्यांच्या घरात माळेवर निघाली तर बाहेर जाऊ देऊ नका. जागा आणि वेळ बघून ठरवायचं.

---

येनबनातली

सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. फुटके कोष बाबांसमोर चिरले. काका पण बसले होते. बहुतेकांत आत कोरडं कवच आणि टोपी कुरतडलेली, अगदी तुम्ही लिहिलं तशीच. कवचाच्या तळाशी बारीक पांढुरक्या वाळलेल्या गोळ्या पण होत्या. दोन कोषांत मात्र काळपट ओलं निघालं, वास आला, आणि एकात तपकिरी दाणा. म्हणजे उझी पण आहेच. काकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, दोन्ही आहेत.

भिंगाखाली ओठावरची शिवण मला दिसली! आडवी, सरळ. पोटरीवरचे काटे पण दिसले, पण मोजताना पाय हलतो आणि मी परत सुरुवातीपासून मोजते.

आता दोन गोष्टी विचारते. माळेवर अजून बरेच कोष आहेत, त्यांतले कोणते पिवळीचे हे बाहेरून ओळखता येतं का? आणि दुसऱ्या पिकाला जाळी लावायची म्हणतात, ती कधीपासून? आख्ख्या जंगलाला तर जाळी लावता येत नाही जी.

---

सावलीची कोसेवाली (जि. चंद्रपूर)

ताई, जाळीचं मी सांगते, मी दरवर्षी करते.

आख्ख्या झाडाला जाळी लावायची गरजच नाही. किडा मोठा होईपर्यंत पिवळी त्याला काही करत नाही, ती येते विणायच्या वेळेला. तेव्हा पिकलेला किडा ओळखायचा. खाणं सोडतो, अंगाला जरा पारदर्शकपणा येतो, पातळ घाण टाकतो, आणि फांदीच्या टोकाकडे भटकायला लागतो. असे किडे दिसायला लागले की रोज सकाळी झाड बघायचं. ज्या फांदीवर बसले ती फांदी किड्यांसकट कापून आणायची. किडा ओढून काढायचा नाही, पायाची पकड घट्ट असते, ओढला तर जखम होते. आम्ही घराजवळ मांडव करतो, त्यात पानाच्या फांद्या बांधतो, वरून मच्छरदाणीची नायलॉन जाळी सोडतो आणि खाली माती लावून काठ दाबतो. त्याच पानांत किडे विणतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, ही मला कुणी सांगितली नव्हती. जाळी पानांना टेकता कामा नये. किडा जाळीला लागूनच विणला तर पिवळी बाहेर बसून जाळीतूनच सुई घालते. मी बघितलं आहे. बाहेर जाळीवर बसलेली, पोट वाकवून आत टोचत होती. तेव्हापासून बांबू बाहेरच्या अंगाला लावते, जाळी सगळीकडून हातभर लांब.

आणि कोष घट्ट झाल्याशिवाय जाळी काढायची घाई करायची नाही. बोटानं दाबला तर दबला नाही पाहिजे.

जे किडे उंच राहतात, हाती लागत नाहीत, ते झाडावरच विणतात. त्यांतून पिवळीला थोडं जातंच. ते कोष बियाण्याला ठेवत नाही, आधी विकून टाकते.

---

वैनगंगाकाठ

जाळीनं उझी पण कमी होते का मावशी?

---

सावलीची कोसेवाली

नाही बाबू. उझी त्याआधीच येऊन गेलेली असते. ती किड्याच्या अंगावर पांढरं अंडं चिकटवते, तेही झाडावर पानं खात असतानाच. अंगावर काळा डाग दिसला की समजायचं अळी आत गेली. तसे किडे वेगळे करते. आणि माळेखालची जमीन झाडून दाणे जाळते.

---

मोहाडीचे मास्तर

मावशींनी जाळीला हातभर अंतर सांगितलं ते सोन्यासारखं आहे. छापील माहितीपत्रकात मला ते कधी वाचायला मिळालं नाही. आणि वैनगंगाकाठ आणि मावशी, दोघांचं बोलणं एकत्र वाच बेटा, त्यात उझी आणि पिवळीचा सगळा फरक आला. उझी बाहेरून अंडं चिकटवते, तिची अळी किड्याला भोक पाडून आत शिरते आणि शेवटी बाहेर पडून मातीत जाते. पिवळी सुईनं आत घालते आणि पूर्ण वाढून कोशातूनच निघते. म्हणून उझीसाठी जमीन राखायची आणि पिवळीसाठी विणायचा काळ.

माळेवरच्या कोषांचं. बाहेरून पक्कं ओळखता येत नाही. पण कानाशी धरून हलव. चांगल्या कोषात जिवंत, जड, ओलसर काहीतरी आदळल्याचं कळतं. आत खाऊन झालेलं असलं तर वजन कमी लागतं आणि आवाज कोरडा येतो. संशय वाटला ते वेगळ्या माळेत बांध. ती माळ बारीक जाळीच्या पेटीत किंवा जुन्या मच्छरदाणीत पूर्ण बंद करून टांग. म्हणजे पिवळी निघाली तर आतच राहील, सकाळी पकडून संपवता येईल. खिडकी उघडी ठेवून तिला जाऊ दिलं तर ती जाते थेट येनाकडे, आणि दुसऱ्या पिकाचे किडे विणायला लागतील तेव्हा तिथं असते. एवढा एक बंदोबस्त गावातल्या सगळ्या घरांनी मिळून केला तरच उपयोग. एकट्या तुझ्या घरानं केला तर शेजारच्या माळेवरची येईलच. काकांना घेऊन चार घरं फिर.

फुटके कोष टाकून देऊ नको. सलग धागा निघत नाही कारण भोकाच्या जागी तो तुटलेला असतो, पण घिच्याला, म्हणजे हातानं काढलेल्या जाडसर धाग्याला, ते चालतात. मांडीवर धागा वळणाऱ्या बायांना दे किंवा त्यांनाच विक. व्यापारी सगळे एका भावात मागेल तर आधी विचार की पतंग निघालेल्या कोषाला किती देतो, तेवढंच ह्याला माग.

---

येनबनातली

कळलं सर. मावशी, तुमचंही फार फार बरं झालं जी, बाबांनी बांबू तोडायला आजच माणूस सांगितला. संशयाचे कोष रात्री बसून वेगळे केले, ती माळ आजीच्या मच्छरदाणीत आहे. चार घरांचं काकांनी अंगावर घेतलं.

शेवटचं. बाटलीतल्या मेलेल्या पिवळ्या जपून ठेवायच्या आहेत. कृषी महाविद्यालयात मैत्रीण शिकते, ती म्हणते तिच्या मॅडमना जात पक्की करायला द्या. कशा ठेवू?

---

मोहाडीचे मास्तर

अवश्य दे. वाळवी-मुंग्या लागू देऊ नको, त्या एका रात्रीत पोट खाऊन टाकतात आणि ठिपक्याच्या वळ्याच उरत नाहीत. घरात फ्रीज असेल तर जिवंत पकडलेली वरच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेव, मग कागदाच्या लहान पुडीत सुकव. पाय आणि मिशा मोडू देऊ नको. मादी आणि नर दोन्ही दे. ज्यातून निघाली तो कोष त्याच पुडीसोबत ठेव, सुटा करू नको.

पुडीवर पेन्सिलीनं लिही, शाईनं नको, ओल लागली की पुसते. गाव, तालुका, कोष उतरवल्याची तारीख, माशी निघाल्याची तारीख, झाड येन, आणि कोशाचा किडा अँथेरिया मायलिट्टा. कुणाच्या कोषातून निघाली हे लिहिलेला नमुना जात ठरवणाऱ्याच्या फार कामाचा असतो, कारण संग्रहांत नुसत्या उडताना पकडलेल्या माश्या खूप असतात आणि त्या कशावर वाढल्या ते कुणालाच सांगता येत नाही. ज्या कोषांत उझी निघाली त्यातला तपकिरी दाणाही वेगळ्या पुडीत दे.

आणि पोटरीवरचे काटे मोजताना पाय हलतो म्हणालीस. पोस्टकार्डाच्या कडेला डिंकाचा ठिपका लाव, माशी कुशीवर चिकटव, मागचा पाय वर ठेव. मग भिंग कार्डाला टेकवून मोज. दोन्ही पायांचे मोज आणि आकडे इथं टाक.